उघडे पुस्तक आणि नेमके गिऱ्हाईक

(आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी त्यात थोडी भर घातली आहे.)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, पालकांचे अभिनंदन करावे आणि उपदेशाचे चार शब्द सांगून खाली बसावे, असा प्रघात आहे. कौतुक व अभिनंदन आम्ही मनःपूर्वक करतो. उपदेशाच्या जागी मात्र आज एक कामाची गोष्ट सांगण्याचे योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील बरीच मुले-मुली हल्ली व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांना जातात. त्यांच्यापैकी काहींनी मंडळाकडे विचारणा केली की, विपणन या विषयातील ‘टार्गेट मार्केटिंग’ या प्रकरणावर पुस्तक उघडे ठेवून परीक्षा द्यावयाची आहे. तिची तयारी कशी करावी? आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

हा प्रश्न ऐकून वडील मंडळींना हसू येणे स्वाभाविक आहे. पुस्तक समोर ठेवून परीक्षा द्यावयाची, तर तिला परीक्षा तरी कशाला म्हणावे, असे घरोघरी म्हटले जाते. परंतु ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. चार्टर्ड अकाउंटंटच्या अंतिम परीक्षेत २०१८ सालापासून ऐच्छिक विषयाची प्रश्नपत्रिका पुस्तके जवळ बाळगून सोडवावयाची झाली. २०२४ सालापासून लागू झालेल्या रचनेतही अनेक विषय एकत्र गुंफणारी शेवटची प्रश्नपत्रिका त्याच प्रकारची आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ साली नववी व अकरावीसाठी असा प्रयोग केला, २०१७ साली तो थांबविला, आणि नववीसाठी २०२६-२७ पासून तो नव्या रूपात आणण्याचे २०२५ साली ठरविले. २०२० साली महामारीच्या काळात दिल्ली विद्यापीठाने पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या परीक्षाही याच रीतीने घेतल्या. तेव्हा ही पद्धत हसण्यावारी नेण्याजोगी राहिलेली नाही.

या परीक्षेत पुस्तक उघडे असते, परंतु घड्याळ चालू असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तीन तासांत पाचशे पानांचे पुस्तक वाचता येत नाही. ज्याने ते आधी वाचले आहे त्याला त्यातील पान फार तर शोधता येते. शिवाय परीक्षक व्याख्या विचारीत नाही. व्याख्या पुस्तकात आहे हे त्यालाही ठाऊक असते. तो एखाद्या धंद्याची हकीकत देतो आणि विचारतो, ‘या मालकाने आपला माल कोणाला विकावा, आणि का?’ याचे उत्तर कोणत्याही पानावर छापलेले नसते. म्हणून पाच जाड ग्रंथ पिशवीत घालून आत गेलेला विद्यार्थी कित्येकदा कोरा कागद ठेवून बाहेर येतो, आणि एक पुस्तक व एक वही घेऊन गेलेला उत्तीर्ण होतो.

यात पणाला काय लागते, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. व्यवस्थापनाच्या शिक्षणाची फी लाखांच्या घरात गेली आहे. कोणी बँकेचे कर्ज काढतो, कोणी आईचे दागिने गहाण ठेवतो, कोणी आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून बिनव्याजी रक्कम उचलतो. ‘पुस्तक तर जवळच असणार’ या एका गैरसमजापायी त्या घराचे एक वर्ष वाया जावे, ही हानी लहान नव्हे.

आता विषयाकडे वळू. बाजारातील सर्व गिऱ्हाईक एकसारखे नसते, त्याचे गट पाडून विचार करावा, ही कल्पना वेंडेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ साली एका लेखात शास्त्रीय रीतीने मांडली. १९६७ साली फिलिप कोटलर यांचा ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ हा ग्रंथ निघाला आणि तो पुढे जगभर पाठ्यपुस्तक झाला. गिऱ्हाइकाच्या मनात आपल्या मालाला कोणती जागा मिळवावी, हा विचार राइस आणि ट्राउट या जाहिरात-व्यावसायिकांनी १९८१ सालच्या पुस्तकात विस्ताराने मांडला. या सगळ्याचे सार तीन पायऱ्यांत सांगता येते. पहिली पायरी विभाजनाची : बाजाराचे गट पाडणे. दुसरी निवडीची : त्यांतून आपला गट ठरविणे. तिसरी स्थाननिश्चितीची : त्या गटाच्या मनात आपली जागा पक्की करणे. गट पाडताना गिऱ्हाईक कोठे राहते, त्याचे वय व उत्पन्न काय, त्याची राहणी कशी आणि तो माल कसा व केव्हा वापरतो, हे चार निकष लावतात. निवडताना गटाला पाच प्रश्न विचारावयाचे : तो मोजता येतो काय? पुरेसा मोठा आहे काय? त्याच्यापर्यंत पोहोचता येते काय? तो इतरांहून खरोखर वेगळा आहे काय? आणि त्याची गरज भागविणे आपल्या कुवतीत आहे काय?

विद्यार्थिमित्रहो, ही सर्व सूत्रे पाश्चात्त्य ग्रंथांत आहेत. परंतु त्यांची उदाहरणे गिरगावपासून परळपर्यंत आपल्याच रस्त्यांवर सापडतात. ती मनात असली म्हणजे परीक्षेत सूत्र शोधीत बसावे लागत नाही.

गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला, आणि लवकरच फाउंटनपेनसाठी ‘कॅमल’ शाई काढली. हाच पुढे ‘कॅमलिन’ म्हणून प्रसिद्धीस आलेला उद्योग. त्या काळी शाई सर्वांनाच लागे. पण त्यांनी विद्यार्थी हा गट धरला आणि त्याची साथ सोडली नाही. पुढे बॉलपेन आले आणि शाईची दौत मागे पडली. तोवर तेच नाव कंपासपेटीवर, जलरंगांवर आणि रंगखडूंवर झळकू लागले होते. ‘आम्ही शाई विकतो’ असे म्हणणारा धंदा दौतीबरोबर संपतो. ‘आम्ही विद्यार्थ्याच्या दप्तरात आहोत’ असे म्हणणारा टिकतो. यात आणखी एक मर्म आहे. रंगपेटी वापरते मूल, विकत घेतो बाप, आणि कोणती घ्यावी हे पुष्कळदा सांगतात चित्रकलेचे शिक्षक. वापरणारा, विकत घेणारा आणि सुचविणारा असे तिघे वेगळे असू शकतात, हे ज्याने उत्तरात दाखविले त्याने अर्धी प्रश्नपत्रिका जिंकली. २०११ साली या कंपनीची मोठी भागीदारी जपानच्या कोकुयो कंपनीने घेतली. ज्या नावाने गिऱ्हाइकाच्या मनात घर केले, त्याचे मोल परदेशी उद्योगालाही वाटले.

दुसरे उदाहरण परळचे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली विको लॅबोरेटरीज स्थापन केली. ‘वज्रदंती’ हे दंतमंजन घराघरांत गेले, आणि १९७५ साली हळदीचे क्रीम बाजारात आले. चेहऱ्याला लावण्याच्या क्रीमला त्या वेळीही तोटा नव्हता. परंतु हे सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदिक औषध आहे, असे त्यांनी जाहिरातीतून ठासून सांगितले आणि लग्नातल्या हळदीची आठवण त्याला जोडून दिली. हळद आपल्या घरात आधीच मानाची होती. तिच्याशेजारी त्यांनी आपल्या मालाला बसविले. याला स्थाननिश्चिती म्हणतात. गंमत अशी की, सौंदर्यप्रसाधनावरील अबकारी कर आणि आयुर्वेदिक औषधावरील कर यांत मोठी तफावत होती. त्यामुळे हे प्रसाधन की औषध, हा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आपण गिऱ्हाइकाला जे सांगतो ते सरकारदरबारीही सिद्ध करावे लागते, हा त्यातील धडा.

तिसरे उदाहरण लालबाग-परळच्या खाणावळींचे. ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून येथे राही. चाळीतील एका खोलीत संसार करणाऱ्या बाया अशा दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधीत. पाळीच्या वेळा त्यांना पाठ. मालवणच्या माणसाला कसले कालवण लागते आणि साताऱ्याच्या माणसाला कसली भाकरी, हेही ठाऊक. पुस्तकातील चारही निकष या बायांनी पुस्तक न पाहता लावले होते. पैसे मात्र महिन्याने मिळत आणि किराणा उधारीवर आणावा लागे, म्हणून त्या सावकाराच्या कचाट्यात सापडत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. जेवणारा गावी परतला. या बायांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, आणि त्यात त्यांच्या रांधण्याचा काडीमात्र दोष नव्हता.

पुस्तकात अशा ठिकाणी ‘हा गट आता आकर्षक राहिला नाही’ असे एक वाक्य असते. ते वाक्य लिहिताना त्यामागे माणसे असतात, एवढे भान आपल्या मुलांनी ठेवावे. लोअर परळला जेथे फिनिक्स मिल होती तेथे आज मोठे व्यापारसंकुल आहे. जागा तीच, पण गिऱ्हाईक पार निराळे. धंदा करणाऱ्याने आपले गिऱ्हाईक वर्षातून एकदा तरी नव्याने न्याहाळावे, हे या रस्त्याइतके स्पष्ट कोणतेही पुस्तक सांगणार नाही.

असो. आता तयारीची रीत सांगतो.

एक. परीक्षेला दोनांहून अधिक पुस्तके नेऊ नयेत. त्यांपैकी मुख्य पुस्तक निदान दोनदा वाचलेले असावे. न वाचलेले पुस्तक परीक्षेत केवळ टेबलाची जागा अडविते.

दोन. स्वतःच्या हाताने दोन पानांची किल्ली तयार करावी. डाव्या बाजूला संकल्पना, मधे एका ओळीत तिचा अर्थ, उजवीकडे पुस्तकाचा पान क्रमांक आणि एक ओळखीचे उदाहरण. दुसऱ्याची किल्ली झेरॉक्स करून नेऊ नये. किल्ली तयार करताना जो विचार घडतो तीच खरी तयारी होय. विभाजन, निवड आणि स्थाननिश्चिती या तीन भागांच्या पानांना तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात.

तीन. वेळेची वाटणी आधीच करावी. तीन तासांची प्रश्नपत्रिका म्हणजे १८० मिनिटे. त्यांतील २० मिनिटे हकीकत वाचण्यास, १५ मिनिटे उत्तराचा आराखडा करण्यास, १२५ मिनिटे लिहिण्यास आणि २० मिनिटे तपासण्यास ठेवावीत. एखादी गोष्ट दोन मिनिटांत सापडली नाही तर ती सोडून पुढे जावे.

चार. पुस्तकातील परिच्छेद उतरवून काढू नयेत. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी याव्यात : हकीकतीतील वस्तुस्थिती, तिला लागू पडणारे सूत्र, आपला निर्णय, आणि जो पर्याय आपण सोडला तो का सोडला याचे कारण. चौथी गोष्ट बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत, आणि गुण तेथेच कमी पडतात.

एक नमुना घेऊ. समजा, प्रश्न असा आहे : लालबागच्या मसाल्याच्या बाजारात एक जुने दुकान आहे. चैत्र-वैशाखात बाया याद्या घेऊन येतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची निवडतात, मसाला भाजून घेतात आणि डंखावर कांडून वर्षाची बेगमी नेतात. मालकाच्या मुलीला आता पाकीटबंद मसाला काढावयाचा आहे. भांडवल बेताचे आहे. तिने कोणाला विकावे?

घाईचा विद्यार्थी लिहितो : बेगमी करणाऱ्या गृहिणी, नवीन इमारतींतील नोकरदार जोडपी, हॉटेले आणि परदेशातील मराठी कुटुंबे, या सर्वांना विकावे. हे उत्तर नव्हे, ही यादी झाली. विचार करणारा विद्यार्थी पाच प्रश्न लावतो. बेगमी करणारी गृहिणी स्वतः दुकानात येतेच. तिला पाकीट नको. हॉटेले माल पुष्कळ घेतात, पण उधारीवर घेतात आणि भावासाठी अडतात. बेताच्या भांडवलाला ते झेपणार नाही. परदेशी पाठवावयाचे तर परवाने, तपासण्या आणि वाहतुकीचा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येईल. नोकरदार जोडप्यांना पाकीट हवे, परंतु त्यांच्यापुढे मोठ्या कंपन्यांची पाकिटे आधीच मांडलेली आहेत. मग हकीकत पुन्हा वाचावी. त्या गृहिणींच्या मुली लग्न होऊन डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेल्या आहेत. त्यांच्या जिभेला आईच्या मसाल्याची चव ठाऊक आहे, पण मिरच्या वाळविण्यास त्यांना ना जागा आहे ना सवड. हा गट मोजता येतो, कारण आयांची नावे दुकानात ठाऊक आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचताही येते, कारण आईच सुचविणारी होईल. मालवणी, आगरी, कोळी, घाटी असे मसाल्याचे भेद दुकानाला अवगत असल्यामुळे त्यांची गरज भागविणे कुवतीत आहे. ‘तुमच्या घरच्या यादीप्रमाणे कांडलेला मसाला’ ही त्याची जागा. गट पुरेसा मोठा आहे काय, एवढीच शंका उरते. तिच्यासाठी एक मोसम थोडा माल काढून पाहावा, असे उत्तरात स्पष्ट लिहावे. शंका लिहिल्याने गुण जात नाहीत, उलट वाढतात.

असे प्रश्न सरावासाठी कोठून आणावेत? रविवारी सकाळी दादरच्या रानडे रस्त्यावर किंवा लालबागच्या चिवडा गल्लीत एक तास उभे राहावे. एक दुकान निवडावे. कोण येतो, काय विचारतो, काय न घेता जातो, ते वहीत टिपावे. घरी येऊन, पुस्तक उघडे ठेवून आणि घड्याळ लावून, त्यावर एक उत्तर लिहावे. परीक्षेपूर्वी असे सहा रविवार झाले तर परीक्षेच्या दिवशी पुस्तक किती कमी लागते याचा अनुभव येईल.

आता वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. ही स्मरणिका आपण हाती घ्याल तेव्हा तिच्यात ज्ञातिबांधवांच्या दुकानांच्या जाहिराती पाहाल. त्याही एका अर्थाने नेमके गिऱ्हाईक धरणेच होय, आणि आपल्या माणसाने आपल्या माणसाचे दुकान चालवावे यात गैर काही नाही. परंतु केवळ ज्ञातीच्या भरवशावर उभे राहिलेले धंदे गिरगावातील बिऱ्हाडे उपनगरांत गेली तेव्हा कसे अडचणीत आले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कॅमलची शाई कोणत्या जातीच्या हाताने लिहिणार, हे कोणी विचारले नाही. १९१० साली गिरगावात सुरू झालेल्या बेडेकरांच्या दुकानाची लोणची-मसाले ज्या ताटांत गेले, त्या ताटांची जात कोणी मोजली नाही. गिऱ्हाइकाचा गट त्याच्या गरजेवरून पाडावा. आडनावावरून पाडलेला गट फार तर एक पिढी पुरतो. आपल्या मुलांनी परीक्षेत हे लिहावे, आणि पुढे धंद्यात ते पाळावे.

आणखी एक गोष्ट. व्यापाऱ्याला निवड करावी लागते. सर्वांना विकू पाहणारा कोणालाच विकू शकत नाही. म्हणून काहींना सोडून देणे हे त्याच्या शास्त्रात बसते. मंडळाच्या शास्त्रात ते बसत नाही. आज व्यासपीठावर ज्यांचा सत्कार झाला त्यांची नावे या स्मरणिकेत छापली जातील. जी मुले या वर्षी अनुत्तीर्ण झाली त्यांची नावे कोठेही नसतील, आणि त्यांच्यापैकी बहुतेक आज या सभागृहातही नाहीत. फीचे हप्ते मात्र त्यांच्याही घरी चालू आहेत. आमची कार्यकारी मंडळाला विनंती आहे की, मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी दोन तास उघड्या पुस्तकाच्या सरावाचा वर्ग सुरू करावा. त्यात मागे राहिलेल्यांना प्रथम बोलवावे. आणि दारात येणाऱ्या शेजारच्या चाळीतील मुलाला त्याची ज्ञाती विचारू नये. पुस्तके आपल्याकडे आहेत, जागा आहे, शिकविण्याजोगी निवृत्त मंडळीही या सभागृहात पुष्कळ आहेत. पहिल्या रविवारी शिकविण्यास आम्ही स्वतः हजर राहू.